तळ्यात शिरणारी भरती: नवी मुंबईतल्या एका धारण तलावाचं प्रकरण

वाशीपासून बेलापूरपर्यंत खाडीच्या कडेकडेने मोठी तळी आहेत. संध्याकाळी लोक त्यांच्या काठाने फेऱ्या मारतात, कठड्यावर बसून मक्याचं कणीस खातात, आणि ही तळी शोभेसाठी खोदली असावीत असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती शहराच्या पाण्याच्या व्यवस्थेचा भाग आहेत. १९७० साली सिडकोची, म्हणजे नवं शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्थापना झाली आणि खाडीकाठची भातखाचरं, मिठागरं, खाजणं यांवर नवं शहर वसू लागलं. काही नोडांची, म्हणजे नियोजित उपनगरांची, जमीन उधाणाच्या भरतीपेक्षा खालीच राहणार, हे तेव्हाच दिसत होतं. सगळीकडे उंच भराव घालणं परवडणारं नव्हतं. म्हणून डच धर्तीवर धारण तलाव खोदले गेले. गटारांचं पाणी आधी तळ्यात येतं. तळं आणि खाडी यांच्यामध्ये बांध असतो, बांधात मोऱ्या असतात आणि मोऱ्यांच्या खाडीकडच्या तोंडाला वरून बिजागरीवर लटकणाऱ्या लोखंडी झडपा. ओहोटीला तळ्याचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच झडप मिटते आणि पुढचे काही तास पावसाचं पाणी तळ्यात साठतं. वीज नाही, पंप नाही. कल्पना म्हणून फार देखणी व्यवस्था आहे.

या प्रकरणातलं तळं नेमकं कुठलं ते सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. बेताच्या आकाराचं, तीन बाजूंनी वस्ती असलेलं हे तळं. निम्म्याहून जास्त भागात गाळ साचलेला आणि गाळावर तिवरांची, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या कांदळवनातल्या झाडांची, दाट राई उभी राहिलेली. जोराचा पाऊस आणि उधाण एकाच दिवशी आले की आजूबाजूच्या सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी यायचं. रहिवाशांची मागणी सरळ होती: गाळ काढा. निसर्गप्रेमी गटाची मागणीही तितकीच सरळ होती: तिवरांना हात लावू नका. दुसऱ्या मागणीच्या पाठीशी कायदा भक्कम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी कांदळवनांच्या तोडीवर अंतरिम बंदी घातली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात ते संरक्षण कायम केलं. सार्वजनिक हिताचं काम असलं तरी न्यायालयाची परवानगी लागते. भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा असतो. शहरातल्या तळ्याच्या बाबतीत या पट्ट्यात थेट रस्ताच येतो.

दोन्ही बाजूंची पत्रं आमच्या महाविद्यालयात आली. प्राचार्यांना आनंद झाला. स्थानिक प्रश्न, अनेक विभाग, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या, अहवालात दाखवण्याजोगा उपक्रम. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, सिव्हिल आणि संख्याशास्त्र असे चार विभाग कामाला लागले. प्राणिशास्त्र मागाहून आलं. समन्वयाचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे व्यवहारात सगळ्यांना मेसेज पाठवत राहणं.

चार अहवाल, चार प्रश्न

चारही अहवाल वेळेवर आले आणि चारही चांगले होते.

वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी तळ्याचे चौकोन आखून झाडं मोजली. जवळपास सगळी तिवरं, म्हणजे ॲव्हिसेनिया मरिना. ठाणे खाडीत याच जातीचं राज्य आहे, तेव्हा यात नवल काही नव्हतं. झाडांच्या घेरावरून त्यांनी वयाचा अंदाज बांधला आणि राई बांधाकडून आतल्या बाजूला सरकत गेली आहे, असं नोंदवलं. हे वाक्य पुढे फार कामाला आलं. त्या वेळी मात्र कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही, मॅडमचंही नाही.

रसायनशास्त्राने पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन), क्षारता आणि गाळातले जड धातू मोजले. सांडपाणी मिसळतं आहे, असा निष्कर्ष निघाला. तो तळ्याच्या वासानेही सांगितला असता, पण प्रयोगशाळेने सांगितला की कागदावर येतो. धातूंची तपासणी मात्र गरजेची होती. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा १९६० च्या दशकापासून इथे आहे आणि खाडीच्या गाळातल्या धातूंवर अनेक वर्षं संशोधन होत आलं आहे. गाळ उपसायचा तर तो टाकायचा कुठे, हे त्या आकड्यांवरून ठरतं.

सिव्हिलची मुलं होडीत बसून गाळ मोजायला गेली. पहिला वाद तिथेच झाला. एका गटाकडे ध्वनिलहरींनी खोली मोजणारं यंत्र होतं, दुसऱ्याकडे खुणा केलेला बांबू. दोघांची खोली जुळेना. यंत्राला गाळाचा पातळ, पेजेसारखा वरचा थरच तळ वाटायचा. बांबू त्या थरातून आरपार जाऊन घट्ट चिखलावर टेकायचा. दोन्ही मापं खरी होती. पाणी साठवण्यासाठी कुठलं धरायचं, हा निराळा प्रश्न. शेवटी दोन्ही नोंदवली आणि मधल्या पातळ थराची वेगळी बेरीज केली. त्यांचा निष्कर्ष: तळ्याची मूळ क्षमता गाळाने बरीच कमी झाली आहे, उपसा करावा.

संख्याशास्त्राचं काम मला सगळ्यात रंजक वाटलं. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी येण्याची शक्यता किती, हा त्यांचा प्रश्न. मुंबईत भरतीच्या बाबतीत एक सोय आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती इथे कायम बाराच्या सुमाराला येते, दुपारी आणि मध्यरात्री. कोळीवाड्यात आजही जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. छापील तक्त्याशी ताडून पाहिलं तर तासाभराच्या आत बसतं. शिवाय पावसाळ्याच्या महिन्यांत दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा उंच असते. त्यामुळे धोक्याचे तास आधीच माहीत असतात, माहीत नसतो तो पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी साडेचार मीटरच्या आसपासची भरती होती. ती काही वर्षातली सर्वांत मोठी भरती नव्हती. इतक्या पावसाला मध्यम भरतीही पुरते.

पण याच अहवालात एक आकडा असा होता की सिव्हिलचे सर खुर्चीतून उठलेच. मुलांनी भरतीच्या तक्त्यातली ४.९ मीटर ही उंची घेतली आणि नकाशावर एका रस्त्याची पातळी ३.२ मीटर दिसली म्हणून रस्ता भरतीच्या पाण्याखाली १.७ मीटर जातो असं लिहून टाकलं. तसं असतं तर दर उधाणाला, उन्हाळ्यातसुद्धा, तिथून होड्या चालल्या असत्या. गफलत शून्याची आहे. भरतीच्या तक्त्याचं शून्य नौकानयनाच्या सोयीसाठी जवळपास नीचतम ओहोटीला धरलेलं असतं. स्थापत्य अभियंत्याचं शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी. मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. ४.९ मधून अडीच वजा केले की भरती येते २.४ मीटरवर, म्हणजे तो रस्ता भरतीच्या ८० सेंटिमीटर वरच राहतो. खाडीच्या आतल्या भागात भरती थोडी चढते आणि उशिरा पोचते, त्याची दुरुस्ती वेगळी. ही चूक विद्यार्थ्यांनाच भोवते असं नाही. उधाणाच्या दिवशी बातम्यांत येणारे भरतीचे आकडे घराच्या उंचीशी ताडून घाबरणारी माणसं दरवर्षी भेटतात.

तर असे चार अहवाल. महाविद्यालयाच्या परिषदेत ते चार सत्रांत वाचले गेले, इतिवृत्तात एकामागोमाग छापले गेले आणि चारही विभागांच्या खात्यावर एकेक पेपर जमा झाला. गाळ काढायचा की नाही, या प्रश्नाचं उत्तर त्यांपैकी एकातही नव्हतं. आपल्याकडे बहुविद्याशाखीय संशोधन म्हणून जे मिरवलं जातं, ते बऱ्याचदा इथेच संपतं. पाठीला पाठ लावून बसलेले विभाग आणि सामाईक मुखपृष्ठ. आमचंही तिथेच संपलं असतं. सिव्हिलच्या सरांना त्या शून्याच्या गफलतीचा राग आला नसता, तर.

एकच छेद

रागाच्या भरात त्यांनी सगळ्यांना सांगितलं की आपापलं प्रत्येक माप एकाच शून्यावरून पुन्हा लिहा. ऑटो लेव्हल ही पातळी मोजायची दुर्बीण आणि खुणांची पट्टी घेऊन मुलांनी जवळच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेवरून, पातळी तळ्यापर्यंत आणली. मग एका लांब आलेखकागदावर तळ्याचा आडवा छेद काढला: डावीकडे खाडी, मध्ये बांध आणि मोरी, मग तळं, उजवीकडे रस्ता आणि इमारतीचं जोतं. त्यावर भरतीच्या रेषा, गाळाचे दोन्ही थर, मोरीचा उंबरा म्हणजे तिच्या तळाची कड, गटारांची तोंडं, आणि मॅडमच्या आग्रहाने प्रत्येक चौकोनातल्या तिवरांच्या बुंध्याची पातळी.

या कागदावर पहिल्यांदा दिसलं की तळ्यात किती गाळ आहे, हा प्रश्नच अपुरा होता.

हिशेब गोल आकड्यांत मांडतो. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा घनमीटर पाणी होतं. समजा, तळ्याकडे १०० हेक्टर वस्तीचं पाणी येतं, झडपा चार तास मिटलेल्या आहेत आणि त्या वेळात १०० मिलिमीटर पाऊस झाला. जमीन सगळी काँक्रीटची, म्हणून मुरणं शून्य धरू. पाणी झालं एक लाख घनमीटर. तळं १० हेक्टरांचं असेल तर त्याची पातळी एक मीटरने चढेल. आता प्रश्न असा की ही चढ सुरू कुठून होते? ओहोटीला तळं मोरीच्या उंबऱ्यापर्यंतच रिकामं होतं. उंबऱ्याखालचं पाणी कधीच बाहेर जात नाही. तिथे पाण्याऐवजी गाळ असला तरी पुराच्या दिवशी काहीही फरक पडत नाही. धरणांच्या भाषेत तो मृत साठा. उपयोगाची जागा ती फक्त उंबऱ्याच्या वरची आणि गटारांच्या तोंडाखालची.

सिव्हिलने आधी मोजलेल्या गाळातला मोठा हिस्सा तळ्याच्या मध्यभागी, उघड्या पाण्याखाली, म्हणजे उंबऱ्याच्या खाली होता. आणि तिवरं? तिवर उगवतं समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर आणि उधाणाच्या रेषेच्या खाली. नेमका तोच उपयोगाचा पट्टा. खोडं आणि चिखलातून हवेसाठी वर येणारी श्वसनमुळं स्वतः जागा फार थोडी व्यापतात. पण त्यांच्या जाळीत संथ झालेल्या पाण्यातून गाळ खाली बसतो आणि तो तिथेच धरला जातो.

याचा अर्थ दोन्ही पक्षांना न आवडणारा निघाला. परवानगीची फारशी कटकट नसलेला उपसा, म्हणजे मधल्या उघड्या भागातला, पुरासाठी जवळपास निरुपयोगी. आणि नुसती झाडं तोडून गाळ तसाच ठेवणंही निरुपयोगी. पूर कमी करणारा उपसा करायचा तर तो राईच्या खालचाच करावा लागेल. रहिवाशांच्या बैठकीत हे सांगितल्यावर एक काका म्हणाले, ‘‘म्हणजे सर, खर्च करायचाच असेल तर नेमका चुकीच्या ठिकाणी करायची सोय आहे.’’ याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

झडप

छेदाने दुसरा प्रश्न उभा केला. या तळ्यात भरती यायलाच नको होती. मग उधाणाच्या रेषेपर्यंत तिवरं कशी?

मॅडमचं ते दुर्लक्षित वाक्य इथे कामाला आलं. राई बांधाकडून आत सरकली होती आणि सर्वांत जुनी झाडं मोरीच्या तोंडाशी होती. तिवराचं बी झाडावर फळात असतानाच रुजायला लागतं, पावसाळ्यात गळून पाण्यावर तरंगतं, साल टाकून चिखलात मूळ धरतं. ते चालत येत नाही, भरतीच्या पाण्यासोबत येतं. गाळाचंही तसंच. काही गाळ गटारांतून येतो हे खरं, पण खाडीचं गढूळ पाणी तळ्यात शिरून संथ झालं की त्यातला बारीक कण खाली बसतो. तेव्हा गाळ आणि तिवरं हा आजार नसून आजाराची खूण होती. झडपा मिटत नव्हत्या. प्राणिशास्त्राच्या मुलांनी याच सुमाराला तळ्याच्या चिखलात निवट्या, म्हणजे भरती-ओहोटीच्या चिखलात राहणारे मासे, उड्या मारताना पाहिल्या आणि ‘भरतीचे साक्षीदार’ म्हणून त्यांची नोंद केली. अहवालातला तेवढाच विनोद.

तरी ही अनुमानं होती, पुरावा लागत होता. तो रसायनशास्त्राने दिला, आणि तोही त्यांच्या सगळ्यात स्वस्त उपकरणाने. उन्हाळ्यात तळं खारटच असतं, त्यामुळे क्षार मोजून काही कळत नाही. पण सलग पावसाच्या झडीत तळ्याचं पाणी गोडसर होतं. अशा दिवशी मोरीच्या आतल्या तोंडाशी पाण्याची विद्युतवाहकता (पाणी जितकं खारट तितकी ती जास्त) मोजत बसलं आणि भरती चढताना ती झपाट्याने वाढली, तर खाडीचं पाणी आत येतं आहे यात शंका उरत नाही. मुलं छत्र्या घेऊन बसली. वाहकता वाढली. ओहोटीला झडपांजवळ उतरून पाहिलं तर एकीत प्लास्टिक आणि लाकडाचा ओंडका अडकलेला, एकीची बिजागरी गंजून झडप अर्धवट उघडीच राहिलेली, एक जागेवर नव्हतीच.

पुराच्या दृष्टीने हे गाळाहून वाईट होतं. पाऊस सुरू होण्याआधीच भरतीने तळं अर्धं भरलेलं असेल, तर क्षमता कितीही वाढवा, ती खाडीच्या पाण्यालाच मिळते.

हे सगळं ऐकायला गावठाणातले एक आगरी आजोबा आले होते. सिडको येण्याआधी त्यांची खारजमिनीत भातशेती होती. खारभूमीच्या बांधांना लाकडी उघाडी असते. तिचं तत्त्व हेच, झडप तीच, फक्त लाकडाची. त्यांनी एकच विचारलं, ‘‘उघाडी कोण बघतं तुमची?’’ त्यांच्या काळी बांधाला भगदाड पडलं किंवा उघाडी अडली की गावातले सगळे घमेली घेऊन जायचे, कारण खारं पाणी आत आलं तर सगळ्यांचंच पीक जायचं. आज झडप अडली की कोणाचं काय जातं, हे पावसाळ्यातल्या एखाद्या दुपारीच कळतं. देखभालीच्या ठेक्यात तळ्याकाठची झाडं छाटणं होतं, दिवे होते, कठड्याचा रंग होता. झडपांचा स्वतंत्र उल्लेख आम्हाला सापडला नाही.

शिफारस आणि तिच्यातली भांडणं

झडपा दुरुस्त करा, ही शिफारस सगळ्यांना मान्य होईल असं वाटलं होतं. मॅडमनी तिथेच अडवलं. भरती पूर्ण बंद केली तर ही राई कशावर जगेल? तिवर गोड्या पाण्यातही तग धरतं, पण त्याची श्वसनमुळं सलग अनेक दिवस पाण्याखाली राहिली तर झाड गुदमरतं. पाणी चढतं आणि उतरतं म्हणून ते जगतं. कुऱ्हाड न लावता, केवळ पाण्याची पातळी बदलून कांदळवन मारता येतं, आणि न्यायालयाच्या आदेशाच्या दृष्टीने तोही नाशच. त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

मग तडजोड अशी निघाली. पावसाळ्याचे चार महिने झडपा काटेकोर मिटाव्यात. दर ओहोटीला तळं उंबऱ्यापर्यंत उतरतं, त्यामुळे मुळं सलग बुडून राहणार नाहीत. पाऊस नसलेल्या महिन्यांत एक मोरी मोजून-मापून उघडी ठेवावी, म्हणजे राईला भरती मिळेल. गाळ फक्त मोरीपासून आत जाणाऱ्या जुन्या पाटातून काढावा, कारण तो तुंबला की ओहोटीच्या काही तासांत तळं रिकामंच होत नाही आणि पुढच्या भरतीआधी मिळणारी जागा वाया जाते. या पाटात तिवरांची थोडी रोपं आहेत. तेवढ्यापुरता परवानगीचा अर्ज करावा लागेल, आणि तो या छेदासह करावा.

वाद अजून मिटलेले नाहीत. सिव्हिलचं म्हणणं, कोरड्या महिन्यांत मोरी फक्त भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या, दिवसांत उघडावी, कारण उधाणाचं पाणी जोरकस असतं आणि गाळ जास्त आणतं. वनस्पतिशास्त्राचं म्हणणं, भांगाची भरती वरच्या झाडांच्या बुंध्यापर्यंत पोचतच नाही, मग उघडून उपयोग काय? दोन्ही बरोबर आहेत. माझा कल वनस्पतिशास्त्राकडे आहे, कारण जास्तीचा गाळ दर काही वर्षांनी पाटातून काढता येतो, मेलेली राई परत आणता येत नाही. सिव्हिलचे सर यावर म्हणतात की पाटातला गाळ दर काही वर्षांनी कोण काढणार आहे, हे आधी मला लिहून द्या.

संयुक्त शोधनिबंध एका नियतकालिकाने ‘विषय आमच्या कक्षेत नाही’ म्हणून परत पाठवला. मग तो तोडून दोन केले. छेदाचा आलेख दोन्हींत आहे, एकदा वरच्या अर्ध्यासह, एकदा खालच्या. संख्याशास्त्राच्या मुलांनी दरम्यान एक साधं काम पूर्ण केलं. मोरीच्या दोन्ही बाजूंना, आत आणि बाहेर, एकाच शून्यावरून रंगवलेल्या उंचीच्या पट्ट्या लावल्या आणि भरतीच्या तक्त्यातले आकडे त्या शून्यावर बदलून पावसाळ्याच्या महिन्यांचा तक्ता जवळच्या सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर चिकटवला. भरतीला बाहेरच्या पट्टीवर पाणी वर आणि आतल्या पट्टीवर खाली असेल तर झडप मिटलेली आहे. दोन्ही बरोबरीने चढत असतील तर ती अडकली आहे आणि फोन करायला हवा. फोन कुणाला करायचा, त्यासाठी तक्त्याखाली एक ओळ कोरी ठेवली आहे. देखभाल यंत्रणेकडून अजून नंबर आलेला नाही.